बदलून मिळेल का?

एका गावात नारबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. असा माणूस बहुतेक गावांत एखादा असतोच. काही गावांत तो सरपंचही होतो. या गावात तो आपला साधा नारबाच राहिला होता.

वाईट खोड त्याला एकही नव्हती. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाला उलट उत्तर नाही. सांगितलेलं तो ऐकायचा. अडचण एवढीच, की सांगितलेलं सगळंच ऐकायचा. आणि एकदा ऐकलेलं त्याच्या डोक्यात असं ठाण मांडून बसायचं, की ते कुठे लागू करायचं आणि कुठे नाही, हा विचार शिरायला मग तिथे जागाच उरत नसे.

त्याची आई ठकूबाई काटकसरीसाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. ती बाजारात शिरली की कापडवाले खाकरून एकमेकांना सावध करत. तिच्या घरात लुगडं फाटलं की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणं होई आणि पायपुसणं झिजलं की चुलीवरचं भांडं उतरवायला फडकं. कापड तिच्याकडे कधी मरत नसे, फक्त त्याची बदली होत असे. पण आता ठकूबाईचे गुडघे धरले होते. बाजारापर्यंतचा रस्ता तिला झेपेना. तिची एकच इच्छा उरली होती. सून यावी, बाजाराची पिशवी तिच्या हाती द्यावी आणि आपण ओट्यावर बसून तिने आणलेल्या मालाला नावं ठेवावीत.

नदीपलीकडच्या गावातल्या दौलतरावांची सगुणा तिला पसंत पडली. मुलगी हुशार होती आणि बोलायला फटकळ होती. घरात एक तरी तसं माणूस हवं, असं ठकूबाईला वाटलं. दौलतरावांनीही होकार दिला, पण अट घातली. त्यांचा थोरला जावई सणाला नवा कोट शिवायचा आणि शिंप्याची उधारी सासऱ्याच्या नावावर मांडायचा. त्यामुळे दौलतराव पोळले होते. ते म्हणाले, "देणंघेणं काही नको. फक्त नवऱ्या मुलानं आपला सदरा, वहाणा नि फेटा स्वतः बाजारात जाऊन आणावा. पैसा कसा सोडतो, ते मला कळू दे. उधळ्या निघाला, तर लग्न नाही."

ठकूबाईने नारबाला समोर बसवलं. "दोन गोष्टी ध्यानात ठेव," ती म्हणाली. "दुकानदार जे सांगेल, त्याच्या निम्मं म्हणायचं आणि तिथून हलायचं नाही. आणि निघताना विचारायचं, बदलून मिळेल का."

"ठेवल्या," नारबा म्हणाला. खरोखरच ठेवल्या.

गुरुवारी तो बाजारात गेला. कापडवाल्याने त्याला बसायला सांगितलं. नारबा गादीच्या कडेला अर्धाच टेकला. कापडवाल्याने चहा मागवला, नारबाने अर्धा कप पिऊन उरलेला परत केला. मग सदऱ्याच्या कापडाची गोष्ट निघाली.

कापडवाल्याने त्याच्या खांद्यांकडे बघून सांगितलं, "अडीच वार लागेल."

"सव्वा वार," नारबा म्हणाला.

"अहो पाहुणे, सव्वा वारात सदरा होत नाही."

"सव्वा वार."

कापडवाल्याने त्याला छाती मोजून दाखवली, पाठ मोजून दाखवली, बाह्या मोजून दाखवल्या. नारबा हलला नाही. दुकानदार लोक असंच बोलतात, हे त्याला घरून सांगून ठेवलेलं होतं. नंतर भावाचंही निम्मं झालं. कापडवाल्याने ते कबूल केलं. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून नव्हे, जावं म्हणून.

"बदलून मिळेल का?" नारबाने विचारलं.

"कातर लागल्यावर नाही," कापडवाला म्हणाला.

शिंप्याने त्या कापडाचा सदरा शिवला. पुढून तो सदरा होता. मागून नारबा होता.

ठकूबाईने कपाळावर हात मारला. मग ती शांतपणे म्हणाली, की काटकसर म्हणजे कमी आणणं नव्हे. ल्यायची वस्तू नेहमी दोन बोटं वाढती घ्यावी, कारण ती आटते. घरी आणली की रात्रभर पाण्यात भिजत घालावी, सकाळी कडक उन्हात वाळवावी आणि मगच वापरायला काढावी.

"हे आधी सांगायचं," नारबा म्हणाला.

पुढच्या गुरुवारी तो वहाणा आणायला गेला. वहाणा करणारा म्हातारा पिंपळाखाली बसत असे. त्याने नारबाच्या पायाचं माप घेतलं आणि बरोबर बसेल असा जोड पुढे केला. नारबाने दोन बोटं वाढता मागितला.

म्हाताऱ्याने चष्म्यावरून वर बघितलं. "पाय अजून वाढतोय का, पाव्हणं?"

"पाय नाही वाढत. वहाण आटणार आहे."

म्हाताऱ्याने जन्मभर वहाणा केल्या होत्या, पण आटणारी वहाण त्याला ठाऊक नव्हती. हातातला जोड त्याने बाजूला ठेवला. मग त्याने मागितला तसा जोड दिला.

"बदलून मिळेल का?"

"पाय घातल्यावर नाही," म्हातारा म्हणाला.

म्हणून नारबाने पाय घातलाच नाही. जोड काखेत मारून तो अनवाणी घरी आला आणि रात्री वहाणा म्हशीच्या पाण्याच्या डोणीत बुडवून वर दगड ठेवला. सकाळी त्या फुगून पुरीसारख्या झाल्या होत्या. दुपारी उन्हाने पापडासारख्या झाल्या. संध्याकाळी त्याने एक पायात घालायला घेतली, तेव्हा तिने कडाड असा आवाज केला. अंगणात एक कुत्रा होता. वहाण दिसली की पळवायची, हा त्याचा धर्म होता. त्यानेही ती हुंगली आणि तो निघून गेला.

लग्न जवळ येत होतं. शेजारची बाई कुंपणावरून विचारत होती, की नवरदेवाची खरेदी कुठवर आली. ठकूबाईने तिला सांगितलं, की चालू आहे. ते खोटं नव्हतं.

मग तिने नारबाला पुन्हा समोर बसवलं. पाणी सुती कापडाला, असं तिने समजावलं. चामड्याला पाणी लावत नाहीत, तेल लावतात. नवी वस्तू कडक असते, अंगाला चावते. तिला करडईचं तेल चोळायचं, रात्रभर मुरू द्यायचं, म्हणजे ती मऊ पडते.

"आता कळलं," नारबा म्हणाला. हे वाक्य ऐकलं की ठकूबाई देवाला हात जोडायची.

तिसऱ्या गुरुवारी फेटा आला. भगव्या रंगाचा, जरीच्या काठाचा, खळ घातलेला. फेटेवाल्याने तो झटकून दाखवला, तर पत्र्यासारखा वाजला. नारबाने बोटाने चाचपला. चांगलाच कडक होता. चावणार, यात शंका नव्हती.

"बदलून मिळेल का?"

"डोक्याला लागल्यावर नाही," फेटेवाला म्हणाला.

घरी आल्यावर नारबाने तेलाची बरणी घेतली आणि फेटा हातहात उलगडून मन लावून चोळला. जरीला जरा जास्त चोळलं, ती जास्त टोचते म्हणून. रात्रभर मुरू दिला. सकाळी डोक्याला गुंडाळून तो आईपुढे उभा राहिला. तेल कपाळावरून भुवयांत आलं, भुवयांतून नाकावर आलं आणि नाकाच्या शेंड्यावर थांबून खाली पडलं.

"मऊ आहे," नारबा म्हणाला.

ठकूबाईने तो फेटा उतरवला, फाडला आणि त्याच्या वाती वळल्या. वर्षभर देवापुढे त्याच जळल्या. एवढी काटकसर तिच्याच्याने होण्यासारखी होती, ती तिने केली. पण वाती वळता वळता तिचे डोळे भरून आले. मुंडावळ्या बांधायला नवरदेव उभा राहणार, तो कशात? आणि दौलतरावांच्या कानावर हे गेलं, तर सगुणा हातची जाणार, आणि पिशवी घेऊन आपण पुन्हा बाजाराच्या रस्त्याला.

तिने डोळे पुसले आणि शेवटचं सांगितलं. इतकं हळू आणि इतकं स्पष्ट, की भिंतीलाही समजावं.

"नारबा, आता भिजवू नको, चोळू नको, काही करू नको. चांगली वस्तू घरी आणली की तिला हात लावायचा नाही. जशी आली तशी पेटीत ठेवायची, जवळ दोन डांबरगोळ्या टाकायच्या. सणासुदीला काढायची, सण झाला की परत ठेवायची. नवी वस्तू रोज वापरली की चार दिवसांत जुनी होते. एरवी जुन्यावर भागवायचं. कळलं?"

"कळलं."

"बोलून दाखव."

नारबाने एक शब्दही न चुकता बोलून दाखवलं.

आणि नवल असं, की चौथ्या गुरुवारी त्याने तिन्ही वस्तू पुन्हा नव्याने आणल्या आणि सगळं नीट झालं. सदरा पुढून आणि मागून सारखाच सदरा होता. वहाणा कोरड्या होत्या. फेटा फेट्यासारखा होता. नारबाने तिन्ही वस्तू पेटीत ठेवल्या, गोळ्या टाकल्या आणि लग्नाच्या सकाळपर्यंत पेटीकडे बघितलंसुद्धा नाही.

लग्नात कशाला कमी पडलं नाही. नवरदेव जवळ आला की वासाने पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येई, पण लग्नात डोळ्यांत पाणी आलं तर कुणी कारण विचारत नाही. दौलतरावांनी सदऱ्याचं कापड चिमटीत धरून बघितलं, वहाणेचा तळ बघितला, भाव विचारला आणि मान डोलावली. जावई मनासारखा मिळाला, असं त्यांनी चार माणसांत बोलून दाखवलं. अक्षता पडल्या. ठकूबाईच्या छातीवरचा दगड उतरला. सुनेच्या स्वागताची तयारी करायला ती पहिल्या गाडीने पुढे निघाली. नवरानवरी मागच्या गाडीने येणार होती.

घरी आल्यावर तिने दारात रांगोळी काढली. उंबरठ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं. भाकरतुकडा ओवाळून टाकायला तयार ठेवला. बाजाराची पिशवी तिने आदल्याच दिवशी धुऊन वाळवली होती, ती घडी करून हाताशी घेतली. शेजारणी सून बघायला जमल्या. दिवेलागणीला गाडीची घुंगरं वाजली. गाडी दारात थांबली आणि नारबा खाली उतरला.

एकटाच उतरला. अंगात जुना सदरा होता, पाय अनवाणी होते आणि काखेत नव्या कपड्यांचं नीट घडी घातलेलं गाठोडं होतं.

ठकूबाईने त्याच्या मागे बघितलं. गाडीत गवत होतं.

"सून कुठाय?"

"ठेवून आलो," नारबा म्हणाला.

"कुठं?"

"तिच्या माहेरी. नवी कोरी आहे, आई. रोज वापरली तर चार दिवसांत जुनी होईल. दसऱ्याला काढू."

शेजारणींनी तोंडाला पदर लावला. दौलतराव काय म्हणाले, असं ठकूबाईने विचारलं.

"मी म्हटलं, पोरीला इथंच राहू द्या, मी सणाला येऊन नेईन. त्यांना गहिवरून आलं. म्हणाले, लेक तुटू नये म्हणून एवढा विचार करणारा जावई आजवर बघितला नाही. मग मी त्यांना गोळ्या दिल्या."

"कसल्या गोळ्या?"

"डांबराच्या. दोन. म्हटलं, हिच्या उशाशी असू द्या."

ठकूबाईने हातातली पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. मग खाली बसली. तांदळाचं माप तिच्यासमोर तसंच उभं होतं. तिने विचारलं, "आणि सगुणा? ती काही बोलली का?"

नारबाचा चेहरा फुलला.

"बोलली तर. सगळं नीट ऐकून घेतलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि बापाला विचारलं, 'बाबा, हे बदलून मिळेल का?' ते म्हणाले, 'अक्षता पडल्यावर नाही.'" त्याने गाठोडं काखेतून काढून पेटीत ठेवलं आणि झाकण हलकेच लावलं. "आई, तुला हवी तशीच मिळाली बघ. पोरगी काटकसरी आहे."