सुषेण राजा आणि न संपणारे ताट

एका राज्यात, जिथले डोंगर पहाटे निळे आणि दुपारी जांभळे दिसत, सुषेण नावाचा राजा होता. त्या राज्याला नदी नव्हती. डोंगरमाथ्यावर एक झरा होता, आणि साऱ्या गावांना, शेतांना, गुराढोरांना तोच पुरत असे. झऱ्याचा नियम एकच. दर चैत्री पौर्णिमेला राजाने स्वतःच्या पायांनी सातशे पायऱ्या चढून यावे आणि ओंजळभर पाणी प्यावे. पालखी चालत नसे, घोडा चालत नसे. राजा आला की झरा वर्षभर वाहत असे.

तरुणपणी सुषेण त्या पायऱ्या धावत चढे. सोबत धाकटा भाऊ जयंत असे. मग एके दिवशी शिकारीत जयंत दरीत कोसळला. राजा परतला तो मुका होऊनच. त्याला झोप येईना, कोणाशी बोलवेना. असाच एकटा फिरत तो पूर्वजांच्या खजिन्यात उतरला. हिऱ्यामाणकांच्या मागे एक सोन्याचे ताट उपडे पडले होते. त्याच्या पाठीवर कोण्या मांत्रिकाने कोरले होते, ‘यातून जेवेल त्याचे पोट भरेल, मन भरणार नाही.’ पण अक्षरांवर धूळ होती. राजाने ताट सुलटे केले. त्याला केशरी भात आठवला, लहानपणी दोघे भाऊ एका पानात खात असत तो. ताटात केशरी भात वाफाळू लागला.

राजा जेवला. ताट पुन्हा भरले. तो पुन्हा जेवला.

सहा वर्षे अशी गेली. राजाचे अंग जड झाले, मग फार जड झाले. सातव्या वर्षी तो चाळिसाव्या पायरीवर बसला. श्वास पुरेना, गुडघे धरेनात. तो मागे फिरला आणि त्याच दिवशी झरा बारीक झाला. आठव्या वर्षी धार करंगळीएवढी राहिली.

राणी पद्मगंधा म्हणाली, “स्वामी, उत्तरेची गावे ओस पडत आहेत. लोक गाडे भरून निघाले.”

“ठाऊक आहे.”

“मग काय करावे?”

“राणी, माझे पाय माझे ऐकत नाहीत.”

तेव्हा कुंभक नावाचा जादूगार दरबारी आला. त्याने धुपाची तीन वलये राजाभोवती सोडली. तीन दिवसांत राजा वेतासारखा सडपातळ झाला. नगरात तोरणे लागली. पण राजाच्या पायांत बळ नव्हते आणि ताट समोरच होते. चाळीस दिवसांत गेलेला भार परत आला, आणि येताना सोबत आणखी घेऊन आला. पौर्णिमा अजून दूर होती. कुंभक केव्हाच निघून गेला होता.

सज्जात एक टिटवी येऊन बसली. ती बोलत असे.

“हे राजा, बोरूच्या तळ्याकाठी योगिनी मंदाकिनी राहते. तिच्याकडे जा.”

“रथ जोडायला सांगतो.”

“चालत जा. मी पुढे पळते.”

ते तळे तीन कोसांवर होते. राजाला तिथे पोचायला नऊ दिवस लागले. योगिनीच्या झोपडीच्या भिंती पाण्याच्या होत्या आणि त्यांतून मासे पोहत होते. ती बाहेर आली. तिने राजाच्या सुजलेल्या पायांना तेल लावले. तो का आला, हे तिने विचारले नाही.

“तीन कामे आहेत,” ती म्हणाली. “पहिले. स्वतः दळशील, स्वतः रांधशील, तेच खाशील. दोन घासांची भूक उरली की उठशील.”

“दुसरे, माते?”

“पहिले झाले की सांगेन.”

राजा जात्यावर बसला. पहिल्या दिवशी मूठभर नाचणी दळता दळता हाताला फोड आले. भाकरी अर्धी कच्ची, अर्धी करपलेली झाली. त्याने ती खाल्ली, सोबत अंबाडीची भाजी खाल्ली आणि वर ताक प्याला. दोन घासांची भूक ठेवून उठताना त्याला रडू आले. एवढे रडू त्याला भावाच्या चितेपाशीही आले नव्हते. पण महिन्याने भाकरी फुगू लागली. मुगाच्या कढणाला चव असते, हे त्याला इतक्या वर्षांनी कळले. रोज पहाटे त्याच्या अंगावरचा थोडासा भार धुके होऊन निघे, तळ्यावर पसरे, आणि बगळे त्यातून उडत जात.

“दुसरे काम,” योगिनी म्हणाली. “रोज चाल. काल गेलास त्याहून एक झाड पुढे.”

तो चालला. टिटवी पुढे पळे आणि वळून पाही. आंब्यापर्यंत, मग पळसापर्यंत, मग माळावरच्या एकट्या बाभळीपर्यंत. नंतर एक महिना असा आला की धुके निघेचना.

“टिटवे, माझा भार आहे तिथेच थांबला आहे. हे सारे व्यर्थ आहे.”

“हे राजा, बाभळीपाशी किती वेळ बसलास?”

राजाने आठवून पाहिले. “आज बसलो नाही.”

“मग उद्या चिंचेपर्यंत जाऊ.”

पुढच्या आठवड्यात धुके पुन्हा निघू लागले. वर्ष सरत आले तेव्हा राजा चिंचेच्याही पार डोंगराच्या पायथ्याशी जाऊन येत असे. त्या वर्षीची पौर्णिमा आली. तो तीनशे पायऱ्या चढला आणि थकून परतला. पण झऱ्याची धार करंगळीची अंगठ्याएवढी झाली.

“तिसरे काम सांगते,” योगिनी म्हणाली. “घरी जा. रोज ताट समोर मांड. ते फोडू नकोस, पुरू नकोस. त्याच्यासमोर बसून आपली भाकरी खा. पुढच्या पौर्णिमेला त्यातला एक घास घे आणि हात धू. पहिली दोन कामे पुष्कळांनी केली. या कामाशी बहुतेकांचे पाय अडखळले.”

राजा घरी आला. त्याने राणीशेजारी आसन मांडले. ताट सुगंध सोडी, रंग बदली. राजा भाकरी मोडी. असे पाच महिने गेले. मग जयंताच्या मृत्यूचा दिवस उजाडला. ताटात आपोआप केशरी भात आला. राजाने एक घास घेतला, मग दुसरा. दुपारपर्यंत ताट एकोणीस वेळा भरले.

तो तसाच उठला आणि बोरूच्या तळ्याची वाट चालू लागला. उन्हे कलण्याआधी तो योगिनीसमोर उभा होता.

“माते, मी हरलो. शिक्षा दे.”

“कसा आलास?”

“चालत.”

“वाटेत कितीदा बसलास?”

“एकदाही नाही.”

“आज रात्री काय जेवशील?”

“भाकरी. ताक.”

“मग जा, पीठ दळायला वेळ लागतो.”

“वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजायचे?”

“तू मोजत होतास? मी नव्हते मोजत.”

राजा परतला तेव्हा राणी वेशीवर उभी होती. तिने विचारण्याआधीच तो म्हणाला, “पद्मगंधे, मला भात नको होता. मला तो हवा होता.” इतक्या वर्षांत त्याने भावाविषयी प्रथमच तोंड उघडले. त्या संध्याकाळी दोघे जात्यावर समोरासमोर बसली. खुंटा दोघांच्या हातात होता. राजा जयंताच्या खोड्या सांगत राहिला. राणी हसली, मग रडली, आणि पीठ नेहमीपेक्षा बारीक निघाले.

पुढे सात महिने ताट सुगंध सोडीत राहिले. राजा कधी त्याच्याकडे पाही, कधी पाहायचे विसरून जाई.

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी ताटात पुरणपोळी आली. राजाने एक घास तोडला, तुपात बुडवला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला.

“छान झाली आहे,” तो म्हणाला आणि त्याने हात धुतले.

ताट घंटेसारखे वाजले. पाठीवरची अक्षरे गळून पडली, सोने उतरले, खाली साधे पितळ निघाले. शाप संपला.

मग राजा सातशे पायऱ्या चढला. धावत नव्हे, चौथ्या विसाव्याला थांबून त्याने श्वास घेतला आणि पुन्हा निघाला. माथ्यावर त्याने ओंजळ भरली. तो पाणी पीत असतानाच झरा उसळला, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंनी खळाळत उतरला, विहिरी काठोकाठ भरल्या. उत्तरेहून गेलेले गाडे माघारी वळले.

दुसऱ्या दिवशी पहाटे राणीला जाग आली. राजा वहाणा घालत होता.

“स्वामी, शाप तर संपला. आता कुठे निघालात?”

“चिंचेपर्यंत.”

“आणि उद्या?”

“उद्याही.”

राणी उठून बसली. “थांबा,” ती म्हणाली, “माझ्याही वहाणा त्या कोनाड्यात आहेत, तेवढ्या द्या.”

राजाने त्या काढून दिल्या. दोघे निळ्या डोंगराच्या दिशेने चालू लागली. त्या राज्यात पुढे पुष्कळ वर्षे पाणी होते.