मंडन सुताराच्या खुणा

पूर्वी चंपावती नगरीवर विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शालवनाच्या काठी वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. वनात शिरताना चित्री नावाची त्याची कुत्री पुढे आणि तो मागे, असा त्यांचा रिवाज होता.

राजाला महालासाठी एकाच खोडाचा खांब हवा होता. पौर्णिमेपर्यंत तसे झाड शोधून येईल तो राजसुतार, आणि त्याच्या वाटाड्याला एक गाव इनाम, अशी दवंडी पिटली गेली. मंडन नावाचा सुतार बोधिसत्त्वाला घेऊन निघाला. माणूस हुशार, पण स्वतःच्या हुशारीवर जरा जास्तच खूश. आत शालवृक्ष इतके उंच की भर दुपारीही ऊन जमिनीला लागत नसे. परतताना वाट सापडावी म्हणून मंडन कुऱ्हाडीने झाडांवर खुणा करीत चालला. तिसऱ्या दिवशी पाच माणसांच्या कवेत न मावणारे झाड मिळाले.

परतीला चित्रीच्या पंजात साळिंदराचा काटा मोडला. बोधिसत्त्वाने तो काढला, पाला बांधला आणि तिला खांद्यावर घेतले. चाल मंदावली तसा मंडन चिडला.

"उद्या पौर्णिमा! एका कुत्रीपायी मी पदावर पाणी सोडू? टाक तिला इथंच."

"ते माझ्याच्यानं होणार नाही, धनी."

"मग बस कुरवाळत. माझ्या खुणा आहेत."

"त्या खुणा वाटेला नाहीत, धनी!" बोधिसत्त्व ओरडला, पण ऐकतो कोण?

सुताराचाच डोळा तो! सरळसोट, निर्दोष खोड दिसले की वाट सोडून तिथे त्याने घाव घातला होता, आणि वाटेवरच्या वाकड्या झाडांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. एका सुरेख झाडाकडून दुसऱ्याकडे फिरत दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःच्याच पावलांवर येऊन उभा राहिला. घशाला कोरड पडली होती. आता पद आठवत नव्हते; आपण इथेच मरणार, एवढेच कळत होते. तो एका झाडाच्या मुळाशी बसून मोठ्याने रडला.

तेवढ्यात भुंकणे ऐकू आले. चित्री लंगडत पुढे आणि बोधिसत्त्व मागे.

पाणी पोटात गेल्यावर मंडनने विचारले, "तू काठाला पोचला असशील. राजाला झाड सांगून गाव पदरात पाडून घ्यायचंस. मी तर हिला टाक म्हणालो होतो."

"काठाला तुमची पावलं दिसली नाहीत. हिला खाली सोडलं, तर ही तुमच्या मागावर उलटी निघाली. हिनं मनात धरलं नाही, धनी. मग मी कशाला धरू?"

पौर्णिमा टळली. पद दुसऱ्याला गेले, गावही गेले. पण परत येताना चित्री थकून बसली, तेव्हा मंडन न सांगता वाकला आणि त्याने तिला आपल्या खांद्यावर घेतले.

एवढे सांगून शास्ता बुद्ध विहारातील भिक्षूंना म्हणाले, "आजारी सोबत्याला वाटेत सोडून आज पुढे आलेला हा भद्रक तेव्हा मंडन होता. मागे राहिलेला तो आजारी पुण्णक ही चित्री होती, आणि वाटाड्या मीच होतो. मनात काही न धरता मागे फिरणे, हीच मैत्री."

भद्रक तोवर पाण्याचे भांडे घेऊन विहाराबाहेर पडला होता.