सगुणा सुईणीचा पुरावा

नागझरीचे राजेसाहेब एकदा हट्टाला पेटले. देव असल्याचा पुरावा द्या, नाहीतर उद्यापासून देऊळ बंद, असं त्यांनी भर दरबारात बजावलं. शास्त्रीबुवा पोथ्या चाळू लागले. तेव्हा म्हातारी सगुणा सुईण पुढे आली. प्रत्येक सुखरूप बाळंतपणानंतर ती देवाचे आभार मानायला त्याच देवळात जायची.

"सरकार, तुमच्या जन्मावेळीच आईसाहेब गेल्या. त्यांची तसबीरही नाही. मग रोज सकाळी हात कुणाला जोडता?"

"आईलाच. मी आहे, हाच तिचा पुरावा."

"माझाही पुरावा तेवढाच आहे, सरकार," सगुणा म्हणाली. "मी आहे."

राजेसाहेबांचे डोळे पाणावले. "सगुणाबाई, तुमच्या देवाला सांगा, आईसाठी मी त्याचा ऋणी आहे."

"तुम्हीच सांगा, सरकार," ती म्हणाली. "देऊळ अजून उघडं आहे."