पेवात लपवलेलं पोर

फार जुनी गोष्ट. गावांच्या वेशींना दारं होती आणि माणसांच्या तोंडांना नव्हती, तेव्हाची.

एका गावाबाहेरच्या माळावर दोरीवर चालणाऱ्या भटक्यांनी पालं ठोकली. लगेच पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली, "हे लोक पोरं पळवतात बरं!" कुणाचं पळवलं, कधी, कुठं? ते कुणी विचारलं नाही.

गावातल्या मथीला एकुलता एक लेक होता, चार वर्षांचा. ऐकल्यापासून तिच्या पायाला थारा उरला नाही. लेकाला घरात ठेवावं, तर दाराला फट. माळ्यावर चढवावं, तर कौलं सैल. शेवटी तिला अंगणातलं पेव आठवलं. धान्य साठवायचा तो माणूसभर खोल खड्डा रिकामाच होता. तिनं लेकाला आत सोडलं, तोंडावर शिळा लोटली आणि वर ठाण मांडून बसली.

बंद पेवातली हवा जीव घेते, हे तिला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! आत दिवा सोडून बघितल्याशिवाय ती स्वतः कधी उतरत नसे. पण भीती डोक्यात शिरली, की आधी शहाणपणाला बाहेर काढते.

पोर रडलं. मग गप्प झालं.

"शहाणं गं माझं बाळ," मथी पुटपुटली. उठली, बसली, पुन्हा उठली. "बाळा?"

तिनं शिळा ढकलली. लेक तळाशी मुटकुळं होऊन पडलेला. तिचा हात पुरेना. तिनं बोंब ठोकली. पण बाप्ये काठ्या घेऊन भटक्यांना हुसकायला माळावर गेलेले, आणि बायकांनी भीतीनं दारं लावून घेतलेली.

धावत आली ती पाणी मागायला गावात शिरलेली एक भटकी बाई.

"तू नको!" मथी ओरडली.

"मग कोण, बाय? दुसरं हाय कोण हितं?" ती बाई पेवाच्या तोंडाशी पालथी पडली. "माझं पाय धर. सोडलंस तर दोघंबी जाऊ."

मथीनं पाय धरले, तशी श्वास कोंडून ती उलटी लोंबली आणि मथीनं मागं ओढताच पोराला घेऊन वर आली. पाठ चोळली, तसं पोर खोकलं, रडलं.

तेवढ्यात पालं मोडून बाप्ये परतले. बघतात तर भटकीच्या कुशीत गावचं पोर!

"धरा तिला! पोर पळवतेय!"

मथीनं तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं, तर आईनंच पोर पुरलं म्हणतील. ती अडखळली तेवढ्यात काठी पडली आणि बाईचं मनगट मोडलं.

"तिनं नव्हे रे मेल्यांनो!" मथी किंचाळली. "मी कोंडलं होतं, तिनं काढलं!"

काठ्या थांबल्या. मनगट मात्र पुन्हा सरळ झालं नाही. दोरीवर तोल सांभाळणारा हात तो, गेला.

पुढच्या साली तेच भटके वेशीबाहेरून चालले होते. मथी लेकाला हाताशी धरून, भरली घागर घेऊन आडवी गेली. "थांबा गं, पाणी तरी प्या!"

कुणी थांबलं नाही. एका आईनं आपलं पोर पदराआड ओढलं आणि दटावलं, "तिकडं बघू नगंस. या गावची माणसं पोरं जित्तीच पुरत्यात."

मथीला ते खोटं म्हणायचं होतं. पण कोणत्या तोंडानं म्हणणार?

तात्पर्य एवढंच: ऐकीव बोलावरून साऱ्या जमातीला चोर ठरवणारा आधी आपल्याच घरच्यांचा श्वास कोंडतो.