चौगुले सरांचा प्लॅन

"झोपेचे किती तास धरू, सर?"

चौगुले सर पायरीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला किती लागते?"

"लागते ते सोडा. धरू किती?"

सम्मेद मगदूम इंजिनिअर झाला होता, म्हणजे घरीच होता. पुढं एम.टेक.ला जायचं तर गेट नावाची परीक्षा असते. ती त्याने दोनदा दिली होती, दोनदा आपटला होता. तिसरी खेप फेब्रुवारीत. चौगुले सरांनी बसवून दिलेला अभ्यासाचा प्लॅन ज्याने पाळला तो आत गेलाच, असं पंचक्रोशीत बोललं जाई. सर कॉलेजातून निवृत्त होऊन नदीकाठच्या मळ्यात राहायचे. पोरं त्या घराला मठ म्हणायची. पालक अंगणात चपला काढून हात जोडायचे. पालकांना हात जोडायला काहीही चालतं.

"स्वतःचा काही केलायस का?"

"केलाय की." सम्मेदने मोबाइल पुढं धरला. पडदाभर रंगीत चौकोन.

"चष्मा आत आहे. वाच."

"पहाटे चारला उठणं. मग गणित. मग थर्मो. मग आंघोळ."

"आंघोळीत काय?"

"फॉर्म्युले. बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलेत."

"जेवताना?"

"लेक्चर. दीडपट वेगानं."

"आई बोलते तुझ्याशी?"

"ताट दाराशी ठेवून जाते."

"मग ह्यात वाईट काय आहे? चांगला आहे की प्लॅन."

"पाळला जात नाही, सर. तिसऱ्या दिवशी मोडतो. मोडला की वाटतं, आता नवाच करावा. नवा करण्यात दोन दिवस जातात. रंग भरण्यात एक."

सर हसले नाहीत. एक शेंग मोडली, दाणे ताटात टाकले.

"आणि यंदा नाही झालं तर?"

"ते प्लॅनमध्ये नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. घरी सांगून आलोय. झालं तरच तोंड दाखवीन."

"घरचे काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, शाब्बास."

...

पोरगं असं बोलल्यावर बापाने घाबरून त्याचा हात धरायचा असतो. पण बाप शाब्बास म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर बहुतेक चहा प्यायला असेल.

आतल्या खोलीत गजर झाला.

दार उघडं होतं. दारातून एक पाठ दिसत होती. पांढरा शर्ट, बारीक कापलेले केस, समोर उताराचं बुटकं डेस्क, आणि डेस्कापुढं भिंत. त्या माणसाने गजर बंद केला. उठला. हात मागे बांधून बाहेर आला आणि मान खाली घालून अंगणातल्या कडुनिंबाला फेऱ्या घालू लागला. पाय उचलून टाकणं एकसारखं. फेऱ्या संपल्या तसा पायरीशी थांबला.

"सर, पाणी?"

सरांनी मान हलवली. होकार मिळाल्यावर तो माठाकडे गेला, पाणी प्याला, आत गेला. घड्याळाला किल्ली दिली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसला. पाठ ताठ. सम्मेदकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

सम्मेद मात्र त्याच्याकडेच पाहत होता. आल्यापासून पाहत होता. मघाशी बांधाशेजारच्या रस्त्यावरून उसाने भरलेला ट्रॅक्टर गेला होता, टेप मोठ्याने लावून. सरांनी शिव्या दिल्या होत्या. ती पाठ हलली नव्हती.

"ह्याला म्हणतात बैठक," सम्मेद म्हणाला. "कधीपासून बसतो हा असा?"

"बरेच दिवस."

"मोडत नाही?"

"एकदाही नाही. अंगात ताप असला तरी नाही."

"मोबाइल?"

"नाही."

"मित्र?"

"होते."

"मग झालं तर. मला ह्याचाच द्या."

सरांचे हात थांबले.

"तुला दुसरा बसवून देतो, पोरा. हलका. संध्याकाळी खेळायला जाशील असा."

"हलका नको, सर. हलके प्लॅन यूट्यूबवर फुकट मिळतात. त्यासाठी एवढ्या लांब कोण येतंय? ह्याचा द्या."

"आधी पाहून ये."

"काय?"

"कसा करतो ते. जवळ जाऊन."

सम्मेद उठला. उंबऱ्यावर चपला काढल्या. देवळात जावं तसा हळू आत गेला आणि त्या माणसाच्या मागे उभा राहिला.

डेस्कावर पुस्तक नव्हतं. वही नव्हती. पेनसुद्धा नव्हतं.

माणूस बोटाने लाकडावर लिहीत होता. एक ओळ लिहायची, खाली यायचं, दुसरी ओळ. डावीकडे समास सोडून. लाकूड त्या जागी झिजून गुळगुळीत झालं होतं, खोलगट. कानशिलावरचे केस पांढरे होते. पाठीवरून तो पोरगा वाटला होता, पण पोरगा नव्हता.

"बोलू नका," तो मागे न बघता म्हणाला. "वेळ चालू आहे."

सम्मेद बाहेर आला तेव्हा चपला घालायचं विसरला होता. पायरीवर बसला. शेंगा मोडल्याचा आवाज तेवढा होत होता.

"सर... हा कुठल्या परीक्षेला बसतोय?"

"बसून झाली. तुझीच. तू शाळेत असशील तेव्हा."

"नापास झाला?"

"देशात सातवा आला."

...

"मग?"

"मग गेला. मोठ्या संस्थेत गेला. तिथं प्लॅन नव्हता. आता काय करायचं, हे तिथं कुणी सांगत नव्हतं. दिवाळीला घरी आला नाही म्हणून आणायला गेलो. खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. गजर लावून."

"ह्याचे आईवडील? ते काही म्हणत नाहीत?"

सरांनी हातातली शेंग उघडली. आत कीड होती. ती त्यांनी अंगणात फेकली.

"आई गेली ह्याची. आणि मला हा पूर्वी बाबा म्हणायचा. मी म्हटलं, अभ्यासाच्या वेळेत सर म्हणायचं, लाड नकोत. मग हळूहळू सगळीच वेळ अभ्यासाची केली."

हे त्यांनी सांगितलं ते पलीकडच्या शेतात पाणी सोडलंय म्हणून सांगावं तितक्या शांतपणे. पोर वाया घालवून झालं की म्हाताऱ्यांचा आवाज फार मऊ होतो. लोक त्याला अधिकार म्हणतात आणि लांबून लांबून ऐकायला येतात.

"मग लोकांना अजून प्लॅन का देता?" सम्मेदचा आवाज चढला होता. "आं? हे घरात असताना?"

"मागतात."

"मागितलं म्हणून द्यायचं?"

"तू आत्ता काय केलंस?"

सम्मेद उठला.

त्याने चपला शोधल्या, घातल्या. अंगणाच्या कडेला त्याची मोटरसायकल उभी होती. तिच्यापर्यंत गेला. किल्ली काढली. लावली नाही. घरी जायचं म्हणजे तोंड दाखवायचं, आणि ते कधी दाखवायचं हे तो सांगून आला होता.

आत गजर झाला. माणूस उठला, बाहेर आला, कडुनिंबाला फेऱ्या घालू लागला. सम्मेदच्या अगदी हाताच्या अंतरावरून गेला. एकदा. पुन्हा एकदा. शर्ट धुतलेला होता, इस्त्रीचा. कॉलरचं बटण लावलेलं. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. काहीच नव्हतं.

"सर, पाणी?"

सरांनी मान हलवली.

तो आत जाऊन बसेपर्यंत सम्मेद उभाच होता. मग किल्ली खिशात टाकून पायरीशी परत आला. खाली बघत राहिला. ओठ दोनदा हलले.

"पण सर... सातवा आला ना?"

...

सरांनी ताट बाजूला सारलं. धोतराला हात पुसले. गुडघ्यावर जोर देऊन उठले आणि आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दुसरं गजराचं घड्याळ होतं, तसंच, काचेवर धूळ बसलेलं. त्यांनी बाहीने काच पुसली. किल्ली फिरवायला लागले. पुढं फिरेना तोवर फिरवली. मग ते सम्मेदच्या हातात ठेवलं.

"त्याच्या शेजारी जागा आहे," सर म्हणाले.