दहावा हिस्सा

नदीकाठच्या एका लहानशा गणराज्यात एकदा एक मोठाच पेच उभा राहिला. तेथे राजा नव्हता. प्रजेने निवडून दिलेले एकवीस सभासद दरवर्षी फाल्गुनात एकत्र बसत आणि येत्या वर्षी राज्याने कशावर किती खर्च करावा, हे ठरवीत. सलग तीन वर्षे खर्च उत्पन्नाच्या पुढे गेला होता आणि खजिन्याचा तळ दिसू लागला होता. हात आखडता घ्यायला हवा, याविषयी एकवीसही जणांचे एकमत होते. अडत होते ते निराळ्याच ठिकाणी.

त्या सभेचा जुना दंडक असा होता की, ज्याला एखादा खर्च कमी करावा असे वाटेल, त्याने प्रथम स्वतः त्या ठिकाणी जावे, तेथील माणसांसमोर उभे राहून आपला विचार सांगावा आणि मगच तो सभेत मांडावा. दंडक उत्तम होता. पण त्यामुळेच कोणी जागचे हलत नव्हते. पाठशाळेच्या पंतोजींना तोंड कोण देणार? धर्मशाळेच्या आचाऱ्यासमोर कोण उभा राहणार? सहा दिवस चर्चा झाली आणि सहा दिवसांत सहा रुपयेही कमी झाले नाहीत.

सातव्या दिवशी सर्वांत तरुण सभासद उठला. तो बुद्धिमान होता आणि ते त्याला ठाऊकही होते.

"सभापतिमहोदय," तो म्हणाला, "प्रत्येक खर्चातून सरसकट दहावा हिस्सा कमी करावा. कोणावर कृपा नाही, कोणावर अन्याय नाही. आणि एका कोणाचे नाव घेतलेले नसल्यामुळे कोठे जाऊन सांगण्याचाही प्रश्न उरत नाही."

मग एक स्थूल सभासद मांडीवर थाप मारून म्हणाला, "वा रे पठ्ठ्या! सहा दिवस आम्ही काय माश्या मारत होतो?" सगळे हसले. दोन दिवसांनी ठराव संमत करण्याचे ठरले.

तरुण सभासद आनंदाने थेट आपल्या गुरूंकडे निघाला. हे गुरू म्हणजे राज्याचे जुने अमात्य. तीस वर्षे त्यांनी राज्याचा कारभार वाहिला होता आणि आता वेशीबाहेर एका मळ्यात ते राहत होते. भर दुपारी चालत आल्यामुळे शिष्याच्या घशाला कोरड पडली होती. तरीही आधी त्याने आपला ठराव सांगितला.

वृद्धाने तो शांतपणे ऐकला. "तोडगा मोठा सोपा काढलास," एवढेच ते म्हणाले. मग उठून त्यांनी कोयता घेतला, विहिरीपाशी गेले, रहाटावरचा वीस हात लांबीचा दोर मोजला आणि त्यातला दोन हात दोर तोडून बाजूला ठेवला. पोहरा पुन्हा बांधून ते म्हणाले, "तहानलेला दिसतोस. काढ पाणी."

शिष्याने पोहरा सोडला. दोर संपला, पोहरा पाण्याच्या वर वीतभर अंतरावर हेलकावे घेत राहिला. त्याने ओणवून हात लांब केला, तरी व्यर्थ.

"गुरुजी, पोहोचत नाही."

"असे कसे? दोर दहावा हिस्साच कमी केला आहे. पाणीही दहावा हिस्सा कमी यायला हवे. नीट पाहा."

इतक्यात मळ्याची राखण करणारी सगुणाबाई घागर घेऊन आली आणि तुटलेला दोर पाहून कडाडली, "अहो आजोबा, हे काय आरंभलंत? धडधाकट दोर तोडला! आता माझ्या वांग्यांना काय उपदेश पाजू?"

"सगुणाबाई, आज यांची शिकवणी आहे."

"मग शिकवणीला यांचा शेला फाडायचा! माझा दोर कशाला?"

शिष्य ओशाळून हसला. पण त्याचे हसू लगेच मावळले, कारण वृद्ध त्याच्याकडेच पाहत होते.

"ऐक," ते म्हणाले. "माझ्या ताटातला दहावा हिस्सा काढलास तर मला कळणारही नाही. या दोराचा काढलास, तर उरलेले अठरा हातही फुकट गेले. राज्याच्या काही खर्चांची जात ताटासारखी असते, काहींची दोरासारखी. कोणता कशासारखा, हे वहीत लिहिलेले नसते. ते पाहण्यासाठीच जुन्यांनी तो दंडक घातला होता. तुला वाटले, तू सर्वांना समान वागवलेस. तू कोणाकडे पाहिलेच नाहीस."

शिष्याने मान खाली घातली. सगुणाबाईने पुटपुटत दोराला गाठ मारली, पाणी काढले आणि आधी त्याच्याच ओंजळीत ओतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीच्या उतारावर गेला. राज्यातर्फे तेथे एक नाव चालत असे. पैलतीरावरच्या तीन गावांत वैद्य नव्हता. आजारी माणूस आणायला हीच एक वाट होती. त्या सकाळीही एक बाई तापलेले मूल खांद्याशी धरून उतरली आणि घाईने वैद्याच्या घराकडे गेली.

नावाड्यांचा म्होरक्या रुमाजी म्हणून होता. शिष्याने धीर करून दहाव्या हिश्श्याची गोष्ट सांगितली.

रुमाजीने वल्हे खाली ठेवले. "सरकार, आम्ही चौघं. दोघं वल्ह्याला, एक सुकाणूला, एक पाणी उपसायला. दहावा हिस्सा म्हणजे नेमका कोणाचा? गुडघ्यापातुर कापायचा का कंबरेपातुर?"

"माणूस नाही कमी करायचा. चौघांच्या वेतनातून थोडे थोडे..."

"पाणी उपसणारा आत्ताच वीटभट्टीवर जातो म्हणतोय. थोडं थोडं गेलं की तो पुरताच गेला. आणि तिघांनी नाव लोटली तर ती पैलतीराला नाही, डोहाला लागती." मग तो थोडा थांबून म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोला."

"नावेवरचं हे तांबडं मखमली छत. वर्षातून एकदा तुम्ही सभासद मंडळी पैलतीरी जाता, त्यासाठी दरसाल नवं येतं. आमच्या दोघांच्या वेतनाएवढं त्याचं मोल. एरवी त्याच्यात वारा भरतो आणि नाव आडवी जाती. तेवढं काढलंत तर तुमचे पैसे वाचतील अन् आमचे खांदे."

शिष्याने छताकडे पाहिले. गेल्या वर्षी त्याच छताखाली बसून त्याने सुपारी कातरली होती.

सभेत त्याने स्वतःचाच ठराव मागे घेतला, तेव्हा मोठा गलका झाला. "परवा शहाणा होतास, आज काय झाले?" स्थूल सभासदाने विचारले. शिष्याने नावेची हकीकत जशीच्या तशी सांगितली. छताचा विषय निघाल्यावर काही जण खाकरले. अखेर सभापतींनी पंधरा दिवसांची मुदत दिली आणि प्रत्येकाला एकेक खर्च नेमून दिला. भर उन्हात एकवीस सभासद एकवीस दिशांना गेले.

शिष्याच्या वाट्याला सभागृहाच्या दारावरचा चौघडा आला. तो ऐकून आला, पाहून आला, आणि त्याची खात्री झाली: नऊ वादकांचे काम पाच जण सुखाने करू शकतात. येथे दोर नव्हता, ताटच होते. तरीही वृद्ध मुख्य वादकाच्या ओट्याशी उभे राहून ते सांगणे त्याला जड गेले.

वादकाने बोटांवर नावे मोजली. मग म्हणाला, "नऊ जणांपैकी दोघे माझे पुतणे आहेत."

"मला ठाऊक आहे. धर्मशाळेत दोन आणि पाठशाळेत दोन माणसे हवी आहेत. तेथे मी विचारून आलो आहे."

"विचारून आलास?" वृद्धाने त्याच्याकडे नीट पाहिले. "मग ओट्याखाली का उभा? वर ये, बस. कोणते चौघे, ते मात्र मी सांगेन. माझ्या तोंडून त्यांना कमी लागेल." आणि त्याने आत गुळपाण्यासाठी हाक दिली.

वर्षअखेर बचतीची सारी बेरीज दहाव्या हिश्श्यापर्यंत पोहोचली नाही. जेमतेम बारावा हिस्सा वाचला. शिष्याने गुरूंना ती सांगितली, तेव्हा त्यांनी विचारले, "उणे राहिले म्हणून खंत वाटते का?"

"नाही, गुरुजी. पूर्वी खर्चाची यादी वाचताना मला आकडे दिसत. आता माणसे दिसतात. वाचायला वेळ लागतो, पण मन शांत असते."

ज्यांच्या हाती कपातीची लेखणी असते, त्यांनी आकडा खोडण्यापूर्वी त्या आकड्याच्या दारात एकदा उभे राहून यावे.