तीन पावसाळ्यांचा तंबोरा

तुणीच्या राईला लागून वसलेल्या एका गावात हैबती नावाचा एक सुतार राहत असे. तो तंबोरे करायचा, आणि असे करायचा की तारेला नुसते बोट लागले तरी ऐकणाऱ्याने हातातला घास हातातच धरावा. हात सोन्याचे, पण स्वभाव भारी उतावळा. खळ सुकायच्या आत तारा चढवायला निघायचा!

त्या गावाचा एक रिवाज होता. तुणीचे झाड तोडले की त्याच्या फळ्या पाडायच्या. लाकूड उकलू नये म्हणून टोकांना शेणमाती लिंपायची आणि फळ्या पडवीत एकीवर एक रचायच्या. मधे वारा खेळावा म्हणून बोटभर जाडीच्या काठ्या ठेवायच्या. ऊन नको, पाऊस नको, नुसता वारा. पावसाळा सरला की फळीच्या टोकावर चुन्याची एक रेघ ओढायची. अशा सात रेघा झाल्याशिवाय त्या फळीला करवत लावायची नाही. तंबोरा विकताना ते रेघांचे टोक कापून सोबत द्यायचे. सात रेघा पाहिल्या की गिऱ्हाईक पुढे चकार शब्द विचारत नसे.

एका नागपंचमीला गावात राजाची दवंडी आली आणि एकच धांदल उडाली. राजाने नवा दरबार बांधला होता. तिथले पहिले गाणे दसऱ्याला व्हायचे होते. ज्याचा तंबोरा राजाला पसंत पडेल तो दरबारचा तंबोरेवाला होणार, आणि त्याचे नाव दरबाराच्या दगडी चौकटीवर कोरले जाणार!

हैबतीला आभाळ ठेंगणे झाले. तो धावतच पडवीत गेला आणि मटकन खाली बसला. सात रेघांच्या त्याच्या सगळ्या फळ्या उन्हाळ्यातच संपल्या होत्या. एका झाडाच्या दोन फळ्या तेवढ्या उरल्या होत्या, त्याही तीनच रेघांच्या. पण काय फळ्या होत्या त्या! रेषा विंचरलेल्या केसांसारख्या सरळ. टिचकी मारली की घुमायच्या.

बायको गोजरा त्याच्याकडे बघतच होती. तिने त्याचे मन ओळखले.

"अवं, अजून चार पावसाळं हाईत त्यांचं."

"आन् दसरा चार वर्सं थांबतोय व्हय?" हैबती म्हणाला.

गोजरा नदीवर गेली तशी त्याने एक फळी उचलली आणि कुंभाराच्या भट्टीशेजारी नेऊन उभी केली. दहा दिवसांत ती वरून खडखडीत वाळली. हातात घेतली तर हलकी, वाजवली तर खणखणीत. मग हैबतीने चुन्याचे मडके घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि तिच्या टोकावर आणखी चार रेघा ओढल्या. चार पावसाळे त्याने एका सकाळी उरकले. इंद्रालाही जमले नसते!

त्यानंतर तो कामाला असा भिडला की जेवणाची शुद्ध राहिली नाही. भोपळा निवडला, दांडी घडवली. भोपळ्याच्या तोंडावर बसते ती पातळ तबली त्याने त्या फळीतून तासली. तंबोऱ्याचा सगळा गळा त्या तबलीत असतो. चार तारा चढवल्या आणि छेडल्या, तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. असा तंबोरा त्याच्या हातून आजवर झाला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी दरबार खचाखच भरला. बारा कारागीर, बारा तंबोरे. गवयाने एकेक छेडायला सुरुवात केली. पहिला बरा, दुसरा त्याहून बरा. हैबतीची पाळी शेवटी आली. गवयाचे बोट तारेवरून फिरले आणि सारा दरबार त्या सुराने भरून गेला. लोक माना डोलवू लागले. गवयाचे डोळे आपोआप मिटले. राजा तर सिंहासनावरून उठून उभाच राहिला!

"हाच!" राजा म्हणाला. "रेघा किती?"

हैबतीने फळीचे टोक पुढे केले. राजाने सात रेघा मोजल्या आणि मान डोलावली. मग त्याने वाद्ये सांभाळणाऱ्या सटवाजीला बोलावून तंबोरा त्याच्या हाती दिला.

"जिवापाड जप, सटवाजी. याला तडा गेला तर तुला या दरबारात जागा नाही."

म्हाताऱ्या सटवाजीने नातवंडाला घ्यावे तसा तंबोरा छातीशी धरला. लोकांनी हैबतीच्या नावाचा गजर केला. त्या गजरात तंबोऱ्यातून बारीक आवाज आला. टिक्.

तो कुणाला ऐकू गेला नाही. हैबतीला गेला. फळी वरून वाळली होती, पण आतून ओली होती. आता ती आतूनही आकसू लागली होती. ती उकलणार, हे त्याला पक्के कळले. आज नाही, पण आठ दिवसांत नक्की. तोंड मिटून घरी जावे तर आपले नाव पिढ्यान्‌पिढ्या दगडावर राहील. सात रेघांच्या लाकडाला कोण बोल लावणार? बोल लागेल तो सटवाजीला. आणि खरे सांगावे तर या अकरा कारागिरांसमोर तोंड काळे होईल. पाथरवट छिन्नी घेऊन चौकटीकडे निघालासुद्धा!

"थांबा, म्हाराज!" हैबती ओरडला. "लाकूड तीन पावसाळ्यांचं हाय. वरच्या चार रेघा म्या वढल्यात."

राजाने हात वर करून पाथरवटाला थांबवले.

"पण वाजतो तर गोड!" राजा म्हणाला.

"आज वाजतोय, म्हाराज. आठ दिसांत उकलंल. मग सटवाजीबाबांनी काय गुन्हा केला?"

राजाने तंबोरा तिथेच खुंटीला टांगून ठेवायला लावला. चौथ्या दिवशी तबली वरपासून खालपर्यंत उभी उकलली. हैबतीचे नाव काही कोरले गेले नाही. कारागिरांनी त्याला महिनाभर हसून घेतले. पण राजाच्या कानातून तो सूर जाईना. त्याने दुसऱ्या कुणाला मान दिला नाही. चौकट कोरीच ठेवली.

दुसऱ्या फळीला हैबतीने हात लावला नाही. पुढच्या दसऱ्याला राजाने त्याला बोलावून विचारले, "झाला का तंबोरा?"

"न्हाई, म्हाराज. फळीच्या पाचच रेघा झाल्यात."

त्याच्या पुढच्या वर्षी राजाला धीर धरवेना. तो स्वतःच घोडा दौडवत गावात आला. हैबती हात जोडून म्हणाला, "न्हाई, म्हाराज. सा झाल्यात." राजा पाय आपटत परत गेला. तिसऱ्या वर्षी हैबती म्हणाला, "सातवी रेघ कालच वढली. आता करवत लावतो."

चौथ्या दसऱ्याला हैबती तंबोरा घेऊन आपणहून दरबारात आला. सटवाजी त्याला दारापर्यंत सामोरा गेला.

"झाला, म्हाराज," हैबती म्हणाला.

राजाच्या कानाशी लागून दिवाण म्हणाला, "महाराज, मागचा अनुभव आहे. आठ दिवस खुंटीला टांगून पाहू, मग ठरवू."

"कशाला?" राजा म्हणाला. "तीन वर्षे हा माणूस मला तोंडावर 'नाही' म्हणत आला. त्याच्या 'हो'ची परीक्षा मी घेऊ? पाथरवटाला बोलवा!"

तात्पर्य: काम कच्चे असताना जो ते कच्चे आहे असे सांगायला कचरत नाही, त्याने पक्के म्हटलेल्या कामावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.